अर्धा दिवस, डहाणूचा किल्ला आणि आजोबांची चुन्याची डबी

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावानं इंग्लंडहून फोटो पाठवले. दादा लंडनला असतो. शनिवारी सकाळी वहिनी आणि लेकीला घेऊन निघाला, ट्रेननं तासाभराच्या आत रॉचेस्टरला पोचला, तिथला किल्ला बघितला आणि दुपारी घरी परत. "अर्ध्या दिवसात अख्खा किल्ला! तिकीट काढलं, कानाला ऑडिओ गाइड लावला, खाली उतरून चहा प्यायलो. तुझ्या पीएचडीचंच सामान आहे बघ सगळं," असा मेसेज. आणि खाली एक खोचक ओळ: "आपल्या डहाणूला आहे का गं असं काही?"

आहे की! तिकीटखिडकी नाही, ऑडिओ गाइड नाही, पण किल्ला आहे. नदीकाठच्या रॉचेस्टरसारखाच पाण्याच्या काठावर, खाडीला लागून. आणि तोही अर्ध्या दिवसात बघून होतो. फक्त काय बघायचं हे सांगणारं तिथं कुणी नसतं, म्हणून बरेच लोक एक सेल्फी काढतात आणि बीचकडे वळतात. आजची पोस्ट त्या ऑडिओ गाइडच्या जागी आहे असं समजा.

दादाच्या एका फोटोबद्दल आधी

दादाच्या फोटोंपैकी एकावर मी अडकले. रॉचेस्टरचा मुख्य बुरूज, म्हणजे मधला उंच चौकोनी दगडी मनोरा, ११२७ च्या सुमारास बांधायला घेतला. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी तीन चौकोनी आहेत आणि एक गोल. हे असं का?

तर १२१५ साली राजा जॉननं या किल्ल्याला वेढा घातला. आत त्याच्याविरुद्ध उठलेले सरदार होते. राजाच्या माणसांनी एका कोपऱ्याखाली भुयार खणलं, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरला आणि मग ते टेकू पेटवून दिले. आग भडकावी म्हणून चाळीस डुकरांची चरबी वापरली. टेकू जळाले आणि कोपरा खाली आला. पुढच्या राजाच्या काळात तो कोपरा पुन्हा बांधला, पण तोवर गोल बुरुजांची पद्धत आली होती. म्हणून तो गोल.

आज जो कुणी तिथं उभा राहतो त्याला काही न वाचताही कळतं की इथं काहीतरी पडलं होतं आणि नंतर कुणीतरी बांधलं. किल्ल्याची सगळ्यात चांगली गोष्ट तिथली दुरुस्तीच सांगते. हे वाक्य लक्षात ठेवा. डहाणूला गेल्यावर ते उपयोगी पडणार आहे.

डहाणूच्या तटावर कुणाकुणाचे हात

थोडासा इतिहास, लागेल तेवढाच. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १५५९ मध्ये दमण. या दोन ठाण्यांच्या मधला किनारा सांभाळायचा तर मध्ये चौक्या हव्यात. शिरगाव, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही त्या किनाऱ्यावरची नावं. नकाशावर बोट फिरवलंत तर एक गोष्ट दिसेल: ही ठिकाणं खाड्यांच्या आणि नदीमुखांच्या आसपास आहेत. खाडी म्हणजे त्या काळचा हमरस्ता. गलबत आत येणार, मीठ, लाकूड, भात भरून बाहेर जाणार. ज्याच्या ताब्यात खाडीचं तोंड, त्याच्या हातात जकात.

१७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा पट्टा मराठ्यांकडे आला. तारापूरचा तट मराठ्यांनी सुरुंग लावून फोडला. बाजी भीवराव रेठरेकर तिथंच पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पुढं १८१८ च्या सुमारास सगळं इंग्रजांकडे गेलं, आणि डहाणूच्या किल्ल्याच्या वाट्याला आली सरकारी कचेरी आणि तुरुंग. यामुळे एक गोष्ट बरी झाली. डोंगरावरचे अनेक किल्ले इंग्रजांनी वापरण्याजोगे ठेवले नाहीत, पण ज्या भिंतींच्या आत खजिना आणि कैदी ठेवायचे त्या भिंती कुणी पाडत नाही.

म्हणजे डहाणूच्या तटावरून किमान तीन राजवटींचे हात फिरले. आता प्रश्न असा: यातला कुठला भाग कुणाचा? रॉचेस्टरसारखा गोल कोपरा इथं आपल्याला मदतीला नाही. दगड तर सगळा इथलाच, काळा बेसॉल्ट. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पोर्तुगीजांनी बसवलेला आणि मराठ्यांनी बसवलेला दगड एकाच खाणीतला असू शकतो. दगडाला विचारून उपयोग नाही.

म्हणून मी दोन दगडांच्या मध्ये बघते. तिथं जो मसाला भरलेला असतो, म्हणजे चुन्याचा दर्जा, तो माणसानं बनवलेला असतो. आणि माणूस बदलला की मसाला बदलतो. माझी पीएचडी एवढ्याच एका गोष्टीवर चालू आहे.

चुन्याची डबी

माझे आजोबा पानतंबाखू खायचे. त्यांच्या पितळी डबीच्या एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला ओला चुना. कधी डबी उघडी राहिली तर दोन-चार दिवसांत चुना कडक व्हायचा. आजी म्हणायची, "दगड झाला बघा त्याचा." मी लहानपणी त्यात पाणी घालून तो परत मऊ करायचा प्रयत्न केला होता. झाला नाही. ओली माती वाळली तर पाणी घालून मऊ होते, मग चुना का होत नाही?

कारण तो नुसता वाळलेला नसतो. आजीचं म्हणणं रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं.

गोष्ट शिंपल्यापासून सुरू होते. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते कळीचा चुना. शंभर किलो शुद्ध शिंपले भाजले तर ५६ किलो कळी हातात येते, ४४ किलो वायू हवेत. या कळीवर पाणी घातलं की ती फसफसते, वाफा येतात, भांडं हात लावू नये इतकं तापतं. याला चुना विरवणं म्हणतात. आता झाला ओला चुना, आजोबांच्या डबीतला. हा उघड्यावर ठेवला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. शिंपला भाजून पीठ केलं आणि त्या पिठाचा परत दगड झाला. फरक एवढाच की मधल्या काळात आपण त्याला हवा तो आकार देऊन घेतला.

किल्ल्याच्या भिंतीत हेच झालं आहे, फक्त डबीपेक्षा हजारो पट मोठ्या मापानं. चुना, वाळू, कधी विटांची भुकटी म्हणजे सुरखी, हे सगळं घाणीत मळायचं. काही किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक आणि त्याचा गोल चर अजून दिसतो. बैल फिरवून दिवसच्या दिवस मळणं चालायचं. मिश्रणात गूळ, हिरड्याचं पाणी असं काही घालण्याच्या पद्धतीही होत्या. मात्र "आमच्या किल्ल्यात गूळ आणि उडीद घातलाय" हे जे प्रत्येक गावात ऐकू येतं, ते त्या त्या भिंतीपुरतं खरं आहे की नाही हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

मी स्वतः हे करून बघितलं. आजोळी तिसऱ्या केल्या की शिंपल्या फेकायच्या नाहीत, मला ठेवायच्या, असं मामीला सांगून ठेवलं. दोन-तीन महिन्यांत पिशवी भरली. प्रयोगशाळेतल्या भट्टीत भाजल्या, विरवल्या, वाळू घालून छोटे ठोकळे पाडले. पहिली सगळी बॅच तडकली, कारण मी घाई केली आणि ठोकळे उन्हाजवळच्या खिडकीत ठेवले. चुन्याला ओल लागते. कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळतो आणि मगच चुन्याशी जुळतो. पाणी लवकर उडालं की काम अर्धवट राहतं. दुसरी बॅच गोणपाट भिजवून झाकली, ती टिकली. सहा महिन्यांनी एक ठोकळा मधोमध फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले. कडेला रंगच आला नाही आणि मध्ये गडद गुलाबी. म्हणजे बाहेरचा थर दगड झाला होता, आत अजून ओला चुनाच होता. मुठीएवढ्या ठोकळ्याची ही गत, तर हातभर जाडीच्या तटाच्या पोटात चुना दगड व्हायला किती वर्षं लागत असतील याचा विचार करा.

मग चुन्याचं वय काढता येतं का?

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. तत्त्वतः हो. चुना घट्ट होताना त्या वर्षीच्या हवेतला कार्बन ओढतो. त्या कार्बनमध्ये थोडा कार्बन-१४ असतो आणि तो ठरलेल्या वेगानं कमी होतो, ५,७३० वर्षांत निम्मा. म्हणजे भिंत बांधली त्या दिवशी चुन्यात एक घड्याळ सुरू झालं. ते वाचायचं, झालं काम!

पण व्यवहारात तीन अडचणी येतात.

पहिली, नीट न भाजलेले शिंपल्यांचे तुकडे. त्यांच्यातला कार्बन समुद्रातला, आणि समुद्रातला कार्बन मुळातच हवेपेक्षा सरासरी चारशे वर्षं जुना वाटतो. असे चार तुकडे नमुन्यात आले की अठराव्या शतकातली भिंत आहे त्यापेक्षा जुनी वाटू शकते. यावर एक छान युक्ती आहे. तिसरीसारख्या अनेक शिंपल्या अॅरागोनाइट नावाच्या खनिजाच्या असतात, आणि घट्ट झालेला चुना सहसा कॅल्साइटचा. रसायन एकच, स्फटिकांची रचना वेगळी. क्ष-किरणांनी ही रचना ओळखता येते, म्हणजे न भाजलेला शिंपला पकडता येतो. पण कालवाचं कवच बहुतांशी कॅल्साइटचंच असतं, तिथं ही युक्ती फसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण बघत बसावं लागतं.

दुसरी अडचण माझ्या गुलाबी ठोकळ्याची. तटाच्या पोटातला चुना उशिरा घट्ट होतो, म्हणजे घड्याळही उशिरा सुरू होतं. तिथला नमुना भिंतीपेक्षा तरुण दिसतो.

तिसरी सगळ्यात त्रासदायक. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नव्हतं. साधारण १६५० पासून १९५० पर्यंतच्या काळात ते असं वरखाली झालं आहे की एकच मोजमाप तीन-चार वेगवेगळ्या काळांना लागू पडतं. आणि आपल्याला नेमकं विचारायचं काय आहे? ही भिंत १७३९ च्या आधीची की नंतरची! या प्रश्नावर कार्बन-१४ सरळ हात वर करतो.

म्हणून आम्ही तारखेच्या मागे लागत नाही, नातं शोधतो. या भिंतीतला मसाला आणि त्या बुरुजातला मसाला एकाच घाणीतला वाटतो का? चुना-वाळूचं प्रमाण, वाळूच्या कणांचा आकार, सुरखी आहे की नाही, शिंपल्या कुठल्या, कोळशाचे कण किती. दोन भागांचे मसाले जुळले तर ते बहुधा एकाच कामाचे. एक मसाला दुसऱ्याच्या वर बसलेला असेल तर तो नंतरचा. अशा पन्नास छोट्या नात्यांमधून भिंतीचा क्रम उभा राहतो. त्यातल्या एखाद्या टप्प्याची तारीख कागदपत्रांतून मिळाली की आधीचं आणि नंतरचं आपोआप लागतं.

तर आता अर्धा दिवस

डहाणू रोडला यायला मुंबईकडून लोकल आहे, २०१३ पासून. स्टेशनाहून डहाणू गावात शेअर रिक्षानं या. एक काम आदल्या दिवशी करा: भरतीची वेळ बघून ठेवा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर लागतात, म्हणजे बरोब्बर आपला अर्धा दिवस. शक्यतो भरतीला पोचा आणि ओहोटी लागली की निघा.

*पहिला तास खाडीला द्या.* किल्ल्याकडे पाठ करून पाण्याकडे बघा. भरतीला होड्या कुठपर्यंत येतात, ओहोटीला कुठं गाळ उघडा पडतो. उत्तर कोकणात भरती-ओहोटीतला फरक काही मीटरचा असतो. ओहोटीला गलबत हलू शकत नाही. आत आलेला माणूस पुढच्या भरतीपर्यंत किल्ल्याच्या तोफेसमोर अडकलेला. किल्ला इथंच का, हे तटाकडे न बघताच कळतं.

*दुसरा तास दगडांच्या ओळींना.* तटापासून दहा-पंधरा पावलं मागं उभे राहा आणि दगडांचे आडवे थर डोळ्यांनी धरून चालत जा. थर कुठं तुटतो? कुठं दगडांची उंची बदलते? कुठं एक उभी सरळ फट वरपासून खालपर्यंत जाते? चांगला गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही. त्यामुळे उभी सरळ फट दिसली तर बहुतेक दोन वेगळ्या काळांत बांधलेल्या भिंती तिथं एकमेकींना टेकल्या आहेत. बुजवलेली दारं, खिडक्या, जंग्या यांच्या चौकटीही अशाच ओळखू येतात. कचेरी आणि तुरुंग म्हणून वापर झालेल्या किल्ल्यात असे फेरफार असणारच.

*तिसरा तास मसाल्याला.* आता जवळ जा. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा. चुन्याचा मसाला पांढरट किंवा पिवळसर, थोडा खरबरीत असतो. त्यात शिंपल्यांचे तुकडे, काळे कोळशाचे ठिपके, लालसर विटांचे कण शोधा. शेजारीच गुळगुळीत, राखाडी, कडक पट्टा दिसला तर तो सिमेंटचा. आज आपण वापरतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं आहे. म्हणजे तोवर पोर्तुगीज आणि पेशवे दोघंही इथून गेलेले होते. राखाडी पट्टा ही तुम्ही स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय लावलेली पहिली तारीख!

दोन नियम. एक, नखानंही खरवडायचं नाही. मी संशोधक असून मलाही लेखी परवानगीशिवाय वाटाणाभर नमुना घेता येत नाही आणि ते योग्यच आहे. दोन, आत सरकारी कामकाज चालू असेल तर विचारूनच आत जा आणि नको म्हटलं तिथं फोटो काढू नका. बाहेरून जेवढं दिसतं तेवढ्यातच तीन तास जातात.

राखाडी पट्ट्याची एवढी भीती का?

सिमेंट वाईट नाही. पूल आणि धरणं सिमेंटशिवाय झाली नसती. प्रश्न जोडीचा आहे.

समुद्राकाठच्या भिंतीत मीठ असतंच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, खाली आली की परत स्फटिक होतं. स्फटिक वाढताना आजूबाजूला ढकलतो. डहाणूसारख्या ठिकाणी थंडीच्या दिवसांत ही चढउतार एकाच दिवसात होऊ शकते. चुन्याच्या मसाल्यात बारीक भोकं असतात. ओल आणि मीठ त्यातूनच बाहेर येतं, मसाल्याची भुकटी होते, दगड वाचतो. पंचवीस-तीस वर्षांनी तेवढाच मसाला खरवडून नवा भरायचा. मसाला दगडासाठी मरतो म्हणा ना.

सिमेंटचा पट्टा घट्ट. ओल त्यातून सहज बाहेर पडत नाही, मग ती मागच्या जुन्या चुन्यात आणि शेजारच्या विटेत किंवा मऊ दगडात शिरते. मीठ तिथं फुटतं. बाहेरून पट्टा ठणठणीत आणि आतून भिंत पोकळ. चुना थोडं हलणं सहन करतो, शिवाय पावसाच्या पाण्यात किंचित विरघळून बारीक भेगांत परत जमतो, म्हणजे स्वतःच्या छोट्या जखमा स्वतः भरतो. सिमेंट हलत नाही, तडकतं, आणि त्या तड्यातून पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी सिमेंटच अडवून धरतं. मग पक्षी पिंपळाचं बी टाकून जातात आणि पुढचं तुम्ही पाहिलेलंच असतं.

इंग्लंडनं हेच भोगलंय. जुन्या इमारतींना नवं करण्याच्या नादात त्यांचं जुनेपण खरवडलं जातंय म्हणून विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये एक संस्था काढली होती. तरी विसाव्या शतकात तिथल्या जुन्या दगडी इमारतींवर भरपूर सिमेंट थापलं गेलं. वेल्सच्या कॅथेड्रलवर १९७० च्या दशकापासून चुन्यानं केलेलं काम गाजलं आणि मग हळूहळू लोक चुन्याकडे परतले. म्हणजे दादानं तिथं पाहिलेलं प्रेम दोन-चार पिढ्यांच्या चुकांनंतरचं आहे. आपल्याला त्या चुका आयत्या शिकता येतील.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. समजा सिमेंटनं भिंत शंभर वर्षं टिकली, तरी ती वाचता येणार नाही. सांध्यात सगळीकडे एकसारखा राखाडी थर भरला की उभी फट गेली, थरांचा बदल गेला, शिंपल्या गेल्या, सुरखी गेली. १७३९ च्या आधीचं आणि नंतरचं सगळं एका वर्षीचं होऊन बसतं. रॉचेस्टरचा गोल कोपरा कुणीतरी चौकोनी करून टाकावा, तसं.

जिल्ह्यातल्या एका जुन्या वास्तूवर (नाव मुद्दाम लिहीत नाही) काम चालू असताना मी गेले होते. एक वयस्कर गवंडी सांधे भरत होते. मी जरा आगाऊपणानं विचारलं, "काका, चुना का नाही वापरत?" त्यांनी हातातली थापी खाली ठेवली. "ताई, चुन्याचं काम माझ्या बापानं केलंय, मी त्याच्या हाताखाली घाणीवर होतो. मला येतं. पण मला कोण विचारतं? पोती येतात सिमेंटची. मार्चच्या आत संपवा म्हणतात. चुना मार्चचं ऐकतो का?"

चुना मार्चचं ऐकत नाही. तो आधी भिजत ठेवावा लागतो, मळावा लागतो, भरल्यावर कित्येक आठवडे ओला राखावा लागतो. माझी खिडकीत ठेवलेली बॅच आठवा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि रसायन आपल्या वेळेनं चालतं, या दोघांचं जमत नाही. माझ्या मते या प्रश्नाचं निम्मं उत्तर प्रयोगशाळेत आहे आणि निम्मं निविदेच्या कागदावर. निविदेत दुरुस्तीआधी मसाल्याची तपासणी, चुन्याच्या कामाला पुरेसा काळ आणि त्या काकांसारख्या माणसाला रोजंदारी, ही तीन कलमं आली तर माझ्या प्रबंधापेक्षा जास्त उपयोग होईल.

किल्ल्यांना सध्या बरे दिवस आहेत. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. आपल्या पालघर जिल्ह्यातला त्यात एकही नाही. यादीतल्या किल्ल्यांकडे तज्ज्ञ जातील. यादीबाहेरच्यांकडे उत्साह जातो, आणि उत्साहाबरोबर बऱ्याचदा सिमेंटची पोती जातात. मराठीत फसवणुकीला 'चुना लावला' म्हणतात. किल्ल्यांच्या बाबतीत तो वाक्प्रचार उलटा करायला हवा.

तुम्ही काय करू शकता

निघायच्या आधी शेवटचं काम. तटाची एक जागा निवडा, शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं धरून समोरून सरळ फोटो काढा. कुठून काढला ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याल तेव्हा तिथूनच तसाच परत काढा. एकाच भिंतीचे पाच वर्षांचे पाच फोटो माझ्यासारखीला किती उपयोगी पडतात हे शब्दांत सांगता यायचं नाही. कधी दुरुस्ती झालीच, तर आधीचं पान निदान कुणाच्यातरी मोबाईलमध्ये शिल्लक असेल.

माझा पुढचा प्रश्न किनाऱ्यापासून आत जातो. तलासरी तालुक्यात काजळीजवळ बल्लाळगड आहे, डहाणूच्या डोंगराळ भागात सेगवाह आणि गंभीरगड. या बाजूच्या किल्ल्यांना चुना लागला असेल तर तो कुठून आला? किनाऱ्यावरून शिंपल्या भाजून चढवल्या, की जवळच्या ओढ्या-नाल्यांतली चुनखडी वेचून भाजली? भाजल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पण त्यांच्यातलं स्ट्रॉन्शियम फरक सांगू शकतं. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर जगभर जवळपास एकच असतं, ०.७०९२, आणि शिंपली तेच उचलते. बेसॉल्टच्या मातीतल्या चुनखडीचं सहसा वेगळं येतं. म्हणजे डोंगरावरच्या किल्ल्यातल्या चिमूटभर मसाल्यावरून त्याचं किनाऱ्याशी नातं होतं की नाही हे कळू शकेल. परवानगीचा अर्ज केलाय. आला की लिहीनच.

दादाला मी उत्तर पाठवलं: "दिवाळीत या. सकाळची भरती बघून डहाणूला जाऊ. ऑडिओ गाइड मी आहे, चहा मामीकडे." त्यावर पुतणीचा व्हॉइस मेसेज आला, "आत्या, तिथं पण एक कोपरा गोल आहे का?"

मी सांगितलं, तू येऊन शोध.